दामोदर गुरुजींना पारितोषिक द्यायचं की दक्षिणा

माझे बाबा वाढपी होते. बनारसला दुर्गाघाटाच्या गल्लीत महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची श्राद्धं आणि ब्राह्मणभोजनं चालत, तिथे बाबा पंगतीत वाढायचे आणि आई मागच्या बाजूला पोळ्या लाटायची. ज्या दिवशी पंगत, त्या दिवशी आमच्याकडे उरलेली जिलबी आणि मठ्ठा. पंगत नसेल त्या दिवशी भात आणि मीठ, आणि कधी भातही नाही. पितृपक्ष म्हणजे आमचा सणासुदीचा काळ. लोक पितरांच्या आठवणीने डोळे पुसत, आणि आम्ही भावंडं त्याच पितरांच्या जिवावर बाळसं धरत असू. राहायला जिन्याखालची एक भाड्याची खोली होती. उंच माणसाला तिथे ताठ उभं राहता येत नसे. आमच्यात उंच कोणी नव्हतं, तेवढी सोय.

मी बी. ए. झाले, तेव्हा आईने विचारलं, "बी. ए. म्हणजे काय ग, सुमन?"

मी म्हटलं, "म्हणजे आता मला पोळ्या लाटायला कोणी बोलावणार नाही."

"अग बाई! मग लाटणार कोण?"

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी सांगत सुटते, असं माझ्या सुना म्हणतात. सांगणारच. ज्यांच्या घरी सात पिढ्या पदव्या आहेत, त्यांनी नाही सांगितलं तरी चालतं.

बाबांचं एक वाक्य मात्र बी. ए.च्या कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नाही. ते म्हणायचे, "जेवणाऱ्याने वाढप्याकडे बघितलं, की समजायचं काहीतरी चुकलं. एक तर आमटी उशिरा आली, नाही तर सांडली." बाबा पंगतीत फिरायचे आणि कोणाच्या लक्षात यायचे नाहीत. पण पान कोणाचं रिकामं नसायचं. मागावं लागायच्या आधी भात यायचा. पुढे माझं सगळं पोट याच एका वाक्यावर भरलं.

नोकरी लागली सरकारी दूरचित्रवाणी केंद्रात, नाट्यविभागात. काम म्हणजे नटांना बोलावणं, वेळेवर चहा देणं, दाढी चिकटली आहे की लोंबते आहे ते बघणं, आणि पुढे पुढे नाटकं बसवणं. मुख्य भूमिकेतल्या नटाचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. त्याच्यावर दिवे असतात, कॅमेरा असतो, गोष्टही त्याचीच असते. एवढं सगळं असून जो पडेल, त्याला तर बक्षीसच द्यायला हवं. मी बघायची ती कडेला उभ्या असलेल्यांना. एक गृहस्थ दोन वाक्यांचे मुनीमजी करायचे. नायिका रडायला लागली, की हे मागे हळूच खिशातून रुमाल काढून डोळे पुसायचे, मग नाक शिंकरायचे, मग रुमालाची घडी. नायिकेचं रडणं कोणी बघितलंच नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, रुमाल नको." ते म्हणाले, "मग मी करू काय?" मी म्हटलं, "ती रडतेय ते ऐका." ते रुसले, आणि पुढच्या वेळी रुमाल घेऊनच आले, फक्त रंगीत.

निवृत्त झाल्यावर मुंबईच्या एका पारितोषिकवाल्या संस्थेचा फोन आला. हल्ली निम्म्या मालिका बनारसच्या घाटांवर होतात, तेव्हा परीक्षकांत एक जण बनारसचा असावा, असा त्यांचा विचार. विभाग माझ्या मनाचाच होता: मर्यादित मालिकेतला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. मर्यादित मालिका म्हणजे जिला शेवट असतो ती. आपल्या रोजच्या मालिका सून म्हातारी होईपर्यंत चालतात, ही सहा-आठ भागांत संपते. म्हणजे संपायला हवी. लोकांना आवडली, की निर्माते मेलेल्या माणसाला उठवून बसवतात आणि दुसरं पर्व काढतात. मग ही मर्यादित की अमर्याद, यावर आमची एक सबंध बैठक जाते. आणि सहाय्यक अभिनेता म्हणजे, गोष्ट ज्याची नाही तो. एवढं सोपं आहे. पण सोप्या गोष्टीवर बैठक घेता येत नाही, म्हणून ती अवघड करावी लागते.

निर्माते सगळी मालिका पाठवतातच, पण सोबत प्रत्येक नटाचा एक छोटा तुकडाही पाठवतात, त्याचा 'सर्वांत चांगला' प्रसंग. परीक्षक बहुधा तो तुकडाच बघतात. तुकड्यात नट हटकून रडतो. माझ्या पहिल्या वर्षी आलेल्या तुकड्यांत कोणी अंघोळ करताना रडत होता, कोणी मोटार चालवताना, आणि एक जण घोड्यावर. जो हसतो, चहा ओततो, किंवा नुसता ऐकत बसतो, त्याचा तुकडा कोणी पाठवत नाही. त्यातून भेटवस्तू येतात. एका बनारसच्या मालिकेच्या निर्मात्यांनी आम्हा तिघा परीक्षकांना सुकामेवा, रुद्राक्षमाळ आणि नक्षीदार बाटलीतून गंगाजल पाठवलं. मला, दुर्गाघाटावर, मुंबईहून, कुरिअरने गंगाजल. कुरिअरवाला गल्लीत गाडी शिरेना म्हणून घाटावरून चालत, गंगेच्या काठाकाठाने, ते खोकं छातीशी धरून आला. मी सही करून घेतलं. काय करणार?

आता सांगायचं ते याच मालिकेबद्दल. नाव सांगत नाही. सहा भागांची होती. त्यात एक बडा नायक पोलीस अधिकारी झालेला. पोस्टरवर त्याचा एकट्याचा चेहरा, आणि त्याचा फोन वाजतो तिथून गोष्ट सुरू होऊन तो होडीत बसतो तिथे संपते. आणि त्याचं नाव आलं सहाय्यक अभिनेत्यांच्या विभागात! कारण मुख्य विभागात त्या वर्षी त्याच्याहून मोठा नट होता. निर्मात्यांनी लिहून दिलं होतं, "गोष्ट खरं तर बनारस शहराची आहे. शहर हे नायक असून आमचा हिरो हा त्या शहराचा सहाय्यक आहे." मी साठ वर्षं या शहरात राहते. शहराने या सहाय्यकाची मदत कधी मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

त्याच मालिकेत पाच-सहा प्रसंगांत दामोदर गुरुजी नावाचं पात्र होतं. आपल्या महाराष्ट्रातल्या यजमानांची कार्यं करणारे घाटावरचे म्हातारे मराठी गुरुजी. नायक बापाच्या अस्थी घेऊन येतो आणि चार मिनिटं रडतो. गुरुजी त्याला थांबवत नाहीत, समजावत नाहीत. ते पानावर काळे तीळ ठेवतात, त्याच्या ओल्या बाहीला हाताने वर सारतात आणि म्हणतात, "सावकाश होऊन जाऊ द्या. गंगा कुठे भागते आहे?" बस. मी तो प्रसंग बघितला आणि बाबा डोळ्यांपुढे आले. पान रिकामं नाही, आणि वाढपी दिसला नाही.

गुरुजी झालेला माणूस मला माहीत होता. आमच्याच गल्लीतले लल्लन प्रसाद, आमचे लल्लनभैया. दूधवाल्याचा मुलगा. नोकरी वीज खात्यात, घरोघर मीटर बघण्याची. चाळीस वर्षं मराठी घरांत शिरून मीटर बघितले आणि दारातली, स्वयंपाकघरातली मराठी बोलणी कानांत साठवली. संध्याकाळी गल्लीच्या चबुतऱ्यावर नाटक. राजा, भिकारी, पोपटवाला, सगळं केलं. पण गल्लीत त्यांना अजून 'मीटरबाबू' म्हणतात. ती मालिका आल्यावर पानवाला म्हणाला, "का मीटरबाबू, टीवी में भी बिजली काटे गए थे?" भैया हसले. नंतर माझ्याकडे चहा पिताना म्हणाले, "सुमन बहिनी, एक बार कोई लिख के दे दे कि लल्लन एक्टर है. बस. अपनी फोटो के नीचे टाँग देंगे." त्यांची एवढीच मागणी होती, आणि ती चाळीस वर्षांची होती.

निर्मात्यांनी त्यांचं नाव पाठवलंच नव्हतं. पण प्रत्येक परीक्षकाला स्वतःचं एक नाव सुचवता येतं. मी सुचवलं.

आमचे अध्यक्ष मंदारदादा. वय माझ्या धाकट्या भावाएवढं, पण दिग्दर्शक असल्यामुळे जगाचे दादा. दुसऱ्या परीक्षक समीक्षक देवयानीबाई, ज्या सगळ्या मालिका दुप्पट वेगाने बघतात आणि नंतर लिहितात की मालिकेला छान गती आहे. बैठक संगणकावर.

मंदारदादा म्हणाले, "सुमनताई, ते गुरुजी अप्रतिम आहेत. पण तो अभिनय नाही."

"मग काय आहे?"

"खरा माणूस आहे हो तो! घाटावरचा भटजी उचलून कॅमेऱ्यासमोर बसवलाय. मी बघताक्षणी ओळखलं. वीस वर्षं माणसं बघतोय मी."

देवयानीबाई म्हणाल्या, "आणि ती भाषा! मराठीत मधेच 'भागते आहे', 'होऊन जाऊ द्या'. कुठल्या नटाला इतकं चुकीचं मराठी इतक्या सहज बोलता येईल? ते खरंच असणार."

आमच्या बनारसच्या मराठीचा हा असा पहिला जाहीर गौरव. मी गिळला. म्हटलं, "ते भटजी नाहीत. वीज खात्यातून निवृत्त झालेत. मी ओळखते त्यांना."

मग मंदारदादा गंभीर झाले. "ओळखता? मग हा हितसंबंध झाला, ताई. तुमचं मत आम्हाला धरता येणार नाही."

मी विचारलं, "आणि हिरोचं काय? गेल्या महिन्यात त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही दोघं होतात. फोटो बघितला मी."

"तो वेगळा प्रश्न आहे. ते व्यावसायिक संबंध."

शेवटी ठरलं, की गुरुजींशी व्हिडिओ फोनवर समोरासमोर बोलायचं आणि खरं-खोटं करायचं. मी भैयांना निरोप दिला, मुंबईचे लोक, त्यात एक बडे दिग्दर्शक, तुमच्याशी बोलणार आहेत, नीट बोला. माझी चूक एवढीच झाली, की 'नीट' म्हणजे काय ते सांगितलं नाही.

फोन लागला. भैया धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून बसलेले! मंदारदादा मराठीत म्हणाले, "नमस्कार गुरुजी."

"कल्याण असो. बसा, बसा. कुठून येणं झालं?"

"मुंबईहून. गुरुजी, माझी आई गेली. अस्थी अजून घरीच आहेत. मला वेळच झाला नाही." दादांचा आवाज एकदम बारीक झाला. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

भैया जरा पुढे झुकले. मग म्हणाले, "आईला काय घाई आहे, बेटा? तुम्हाला वेळ होईपर्यंत ती थांबून राहील. लहानपणी नव्हती का थांबत, शाळा सुटेपर्यंत?"

मंदारदादांनी चष्मा काढला. देवयानीबाईंनी पहिल्यांदाच काहीतरी एकपट वेगाने बघितलं. दादा म्हणाले, "मी येतो, गुरुजी. तुमच्याच हातून करायचं आहे." आणि फोन ठेवल्यावर आम्हाला म्हणाले, "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं, खरा आहे तो? प्रश्न मिटला. सहाय्यक आपला हिरोच."

मी धावत भैयांकडे गेले. ते गंध पुसत होते, खूश. "कइसा रहा, बहिनी? इम्तिहान में पास?"

मी म्हटलं, "भैया, ते इम्तिहान नव्हतं. त्यांची आई खरंच गेली आहे."

त्यांचा हात कपाळावरच राहिला. "सच में? अरे राम राम. हम समझे सीन दे रहे हैं. सोचे, बड़े डाइरेक्टर हैं, अच्छा सीन देंगे."

पानवाल्याला कळायला वेळ लागला नाही. तो म्हणाला, "करवा दो, मीटरबाबू! मंत्र तो याद हैं, दक्षिणा भी मिलेगी." भैया पान न घेताच निघाले. त्या दिवसापासून ते माझ्याकडे चहालाही येईनात. मला कळत होतं. खरं सांगितलं, तर अध्यक्ष तोंडघशी पडणार, आणि तोंडघशी पडलेला अध्यक्ष बक्षीस देत नाही, हे मला सरकारी नोकरीने शिकवलं आहे. सांगितलं नाही, तर भैया जन्मभर अस्सल भटजी. दोन्हीकडून फोटोखालची जागा रिकामीच.

अंतिम बैठकीच्या आधी, थंडीत, मंदारदादा आले. धुकं एवढं, की घाटाच्या चारच पायऱ्या दिसत होत्या. दादा पांढऱ्या कुर्त्यात, हातात तांबड्या फडक्यात बांधलेला कलश. भैया आले ते पँट, स्वेटर आणि माकडटोपी घालून, वीज खात्याची जुनी रेक्झिनची पिशवी खांद्याला. दादांनी ओळखलंच नाही. मी सांगितल्यावर वाकून पाया पडायला गेले. भैयांनी त्यांचे खांदे धरले.

"नाही साहेब. मी गुरुजी नाही. बिजली विभाग का आदमी हूँ."

"पण त्या दिवशी तुम्ही..."

"त्या दिवशी ऍक्टिंग केली. माफ करा. नाटकात पिंड मळतो मी. तुमच्या आईला नाटक नको. खरे गुरुजी बोलावले आहेत, ते बघा, आले."

खरे गुरुजी भोसले घाटाकडून धुक्यातून आले, ते कानाला मोबाईल लावूनच. "हां हां, बारा बजे मणिकर्णिका, पक्का," असं कोणाला तरी सांगत त्यांनी एका हाताने आसन टाकलं. मंत्र खणखणीत आणि बिनचूक म्हणाले, पण देवयानीबाईंना आवडला असता असा वेग. मधे पुन्हा मोबाईल वाजला. दादा माझ्या कानाशी आले. "ताई, हे नक्की खरे आहेत ना? पटत नाहीत हो."

मग दादांनी पिशवीतून काय काढावं? नक्षीदार बाटली! निर्मात्यांनी पाठवलेलं गंगाजल. "हे शुद्ध केलेलं आहे," ते म्हणाले. समोर गंगा वाहत होती. गुरुजींनी मोबाईल खाली ठेवला तो तेवढ्या वेळापुरता. त्यांनी बाटलीकडे बघितलं, गंगेकडे बघितलं, आणि म्हणाले, "ठेवा तिकडे."

यात भैया कुठे होते? मला विचारलंत तर मी सांगेन, कारण मी तेच बघत होते. दादांना कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. दादांची बाही ओली व्हायच्या आत वर सारली गेली. तीळ हवे होते तेव्हा द्रोण हाताशी आला. होडीत चढताना पायाखाली फळी आली. मधल्या धारेत कलश उघडायची वेळ झाली आणि फडक्याची गाठ दादांना सुटेना, तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या दोन बोटांनी ती सोडवली आणि बोटं लगेच मागे गेली. सबंध वेळ भैया एक अक्षर बोलले नाहीत. दादा मनसोक्त रडले. त्यात तुकडा काढण्यासारखं काही नव्हतं. तोंड वेडंवाकडं झालं होतं, नाक गळत होतं.

परत घाटाला लागल्यावर दादा ओल्या पायरीवर बसले. हातात चहाचा मातीचा कुल्हड होता. तो कोणी दिला, हे त्यांना आठवेना. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. भैया खालच्या पायरीवर त्यांच्या चपला फडक्याने पुसत होते.

"गाठ कोणी सोडवली, ताई?"

मी भैयांकडे बोट दाखवलं.

"आणि फळी?"

"त्यांनीच."

ते बराच वेळ भैयांकडे बघत राहिले. "हा माणूस गुरुजी नाही," असं पुटपुटले. मी मनात म्हटलं, चला, वीस वर्षांनी एक माणूस तरी ओळखला.

अंतिम बैठकीत मंदारदादांनी सुरुवातच अशी केली: "मी पहिल्यापासून म्हणत आलो आहे, की दामोदर गुरुजी हा शंभर टक्के अभिनय आहे." देवयानीबाई म्हणाल्या, "अगदी, मलाही तेच वाटलं होतं." माझ्या हितसंबंधाचा विषय कोणी काढला नाही, कारण आता अध्यक्षांचीही ओळख झाली होती, आणि ती साहजिकच व्यावसायिक होती. हिरोला वाईट वाटू नये म्हणून 'शहराशी एकरूपता' नावाचं नवं पारितोषिक त्याच बैठकीत जन्माला आलं. मी हरकत घेतली नाही. पंगतीत एखादं पान जास्त मांडल्याने कोणी उपाशी राहत नाही.

एक खंत आहे. हा माणूस आमच्याच गल्लीत होता, मी तीस वर्षं नाट्यविभागात होते, आणि आमच्या नियमात चबुतऱ्यावरचे नट बसत नव्हते. बाबा असते तर विचारलं असतं, "मग बी. ए. होऊन बघितलंस काय?"

सोहळ्याला भैया गेले नाहीत. रेल्वेत झोप लागत नाही म्हणाले. मानपत्र कुरिअरने आलं. तोच कुरिअरवाला, तसाच काठाकाठाने चालत. पानवाल्याने ते मोठ्याने वाचून घेतलं, दोनदा. आता ते भैयांच्या घरी फोटोखाली टांगलेलं आहे, विजेच्या मीटरच्या शेजारी. त्यावर लिहिलं आहे: मर्यादित मालिकेतील सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता, श्री. लल्लन प्रसाद, वाराणसी.